भिंतीवरचं अडतीस

आमच्या प्रयोगशाळेच्या दारात एका स्टुलावर पितळेची परात ठेवलेली असे. आत येणाऱ्या प्रत्येकाने अंगावरचं लोखंड तिच्यात टाकायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा, असा माझा कायदा. किल्ल्या, चाकू, सायकलवाल्यांच्या पँटच्या क्लिपा, मुलींच्या केसांतल्या पिना, सगळं परातीत. एकदा कॉलेजात आलेल्या एका बड्या पाहुण्यांना मी दारातच थांबवून खिशातला अडकित्ता काढायला लावला. पाहुणे हसले, पण प्राचार्य आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत निर्देशक असलेल्या माणसाला हुकूमत गाजवायला एवढी एकच जागा असते, ती मी का सोडू?

निर्देशक म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. आमच्या आईला ते शेवटपर्यंत कळलं नाही. प्राध्यापक फळ्यावर शिकवतात. तेच खरं आहे हे मुलांना उपकरणावर करून दाखवतो तो निर्देशक. आणि उपकरण ऐनवेळी रुसलं की मुलांसमोर ज्याचं तोंड उतरतं, तोही निर्देशकच. ही नोकरी मी पन्नास-साठच्या दशकात आधी अमरावतीला आणि मग अकोल्याला केली. दोन्हीकडे माझं लाडकं उपकरण एकच, टँजंट गॅल्व्हनोमीटर.

नावाला घाबरू नका. ताटाएवढं एक उभं कडं, त्यावर तांब्याच्या तारेचे पाच वेढे, आणि कड्याच्या बरोबर मध्यावर डबीत ठेवलेली चुंबकाची सुई. तारेतून वीज वाहिली की तारेभोवती चुंबकाचा जोर उत्पन्न होतो. लोखंड नाही, चुंबक नाही, नुसती तांब्याची तार, आणि तरी सुई हलते! मला ही गोष्ट आजही खरी वाटत नाही, आणि ती मी हजारो वेळा पाहिली आहे. पृथ्वी सुईला उत्तरेकडे ओढते, कडं तिला आडवं ओढतं, आणि सुई दोन व्याह्यांच्या आग्रहात सापडलेल्या पाहुण्यासारखी मध्येच कुठेतरी थांबते. ती किती अंशांवर थांबली ते पाहायचं. कड्याचा जोर गणिताने काढता येतो, त्यावरून पृथ्वीचा आडवा जोर किती ते निघतं. त्याला आम्ही 'एच' म्हणतो. वऱ्हाडात हा एच येतो शून्य पूर्णांक अडतीस गॉस. गॉस हे चुंबकाच्या जोराचं माप.

सरळ तारेचं गणित तर याहून सोपं. तारेतून किती अँपिअर वाहतात ते घ्या, सुई तारेपासून किती सेंटिमीटरवर आहे त्याने भागा, आणि उत्तराचा पाचवा हिस्सा घ्या. झालं, तेवढे गॉस. या गणितावर मी अमरावतीला एका माणसाची झोप परत मिळवून दिली होती.

त्यांचं नाव गुलाबराव. अंजनगाव सुर्जीला त्यांचा पानमळा होता. विहिरीवर नवा विजेचा पंप बसला आणि त्याच्या तारा नेमक्या त्यांच्या खाटेवरून गेल्या. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की विजेच्या तारेत चुंबक असतं, आणि ते माणसाच्या रक्तातलं लोखंड वरच्या वर खेचून घेतं. झालं! पंधरा दिवस गुलाबराव अंगणात झोपत होते. शेवटी भाच्याचं बोट धरून आमच्या प्रयोगशाळेत आले. परातीत काय टाकायचं, हे मी सांगायच्या आत त्यांनी चुन्याची डबीसुद्धा टाकून दिली.

"साहेब, खरं सांगा, थे तार मले खाऊन राहिली का?"

मी त्यांच्यासमोर कागद घेतला. दहा अँपिअर, खाटेपासून तीन मीटर उंची, म्हणजे तीनशे सेंटिमीटर. भागाकार केला, पाचवा हिस्सा घेतला, आणि सांगितलं, "गुलाबराव, पृथ्वी तुम्हाला जेवढं ओढते त्याचा साठावा हिस्सा फक्त. आणि तोही एकच तार असती तर. तुमच्या डोक्यावर दोन आहेत, एक जाणारी, एक येणारी. दोघी जवळून गेल्या की एकीचा जोर दुसरी खोडून टाकते. उरतं काय? काही नाही."

पंपाची वीज क्षणात इकडून आणि क्षणात तिकडून वाहते, ही भानगड मी मुद्दामच काढली नाही. गुलाबरावांनी कागद स्वतःकडे ओढला.

"म्हंजे तारीपरीस धरतीच मले साठपट ओढून राहिली?"

"हो."

"बाप्पा बाप्पा! मंग आता धरतीचं काय करू?"

त्यांना समजावून परत पाठवता पाठवता माझा अर्धा दिवस गेला. पुढे पानांची एक करंडी आली. तेव्हापासून मी वर्गात छाती फुगवून सांगत असे की जाणारी आणि येणारी तार नेहमी हातात हात घालून न्यावी, फारकत करू नये. हे वाक्य लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

अकोल्याच्या कॉलेजात मी रुजू झालो तेव्हा प्रयोगशाळा नवी होती, भिंती कोऱ्या होत्या. बडनेऱ्याला गाडी बदलून येताना ट्रंकेत कपडे, सर्टिफिकिटं आणि डोक्यात अमरावतीचे सगळे आकडे घेऊन आलो होतो. जठारपेठेत खोली मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी मी निळ्या ऑइलपेंटने भिंतीवर झोकात लिहिलं, 'अकोला : एच = ०.३८'. मुलांनी सारखं विचारू नये म्हणून. अकोल्यात तो कुणी मोजला होता? कुणीच नाही. अमरावतीत माझ्या वरिष्ठांनी मला सांगितला, त्यांना त्यांच्या वरिष्ठांनी सांगितला असावा.

आता आमच्या व्यवसायातली एक घरगुती गोष्ट सांगतो, रागावू नका. बाकायदा रीडिंग घेऊन, गणित करून उत्तर काढणारी मुलं थोडी. बाकीची आधी भिंतीकडे बघत, शून्य पूर्णांक अडतीस पाहत, आणि तिथून उलटं गणित करून सुई किती अंशांवर असायला हवी ते काढत. मग सुई कुठेही असो, वहीत तोच आकडा. याला कॉलेजात रीडिंग कुक करणं म्हणतात. हुशार मुलं पकडलं जाऊ नये म्हणून एक रीडिंग अर्धा अंश वर, एक अर्धा अंश खाली करत, म्हणजे उत्तर ०.३७९ किंवा ०.३८१ येतं आणि कसं अगदी खरं वाटतं. मला हे सगळं माहीत होतं. मी स्वतः बी.एस्सी. याच वाटेने झालो होतो. मुलांची वही पाहताना मी मान डोलवायचो आणि सही करायचो.

आमच्याकडे एक मुलगी होती, सुमन तायडे, पातूरची. वडील तिथल्याच शाळेत शिपाई. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आले त्या दिवशी त्यांनी ठरवलं होतं की या शाळेत आपली मुलगी शिकवेल. घंटा वाजवायचं काम ते करत होतेच. शाळेतली विज्ञानाची जागा जूनमध्ये भरायची होती आणि हेडमास्तरांनी शब्द दिला होता, बी.एस्सी. होऊन ये, जागा तुझी. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे सगळ्यातच नापास, असा तेव्हाचा नियम. सुमनचा एक दोष होता. तिला रीडिंग कुक करता येत नसे. सुई अडतीस अंश दाखवत असेल तर ती अडतीसच लिहिणार, मग आभाळ कोसळो.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक नागपूरहून आले. उंच, कोरडे, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी परातीत किल्ल्या टाकल्या तेव्हा मला बरं वाटलं. चिठ्ठ्या निघाल्या. टँजंट गॅल्व्हनोमीटर तिघांना आला, काळे, गावंडे आणि सुमन. तिघांची टेबलं उत्तरेच्या भिंतीला लागून, एका ओळीत. बाकीचे लोलक, भिंगं, नादकाटे असल्या निरुपद्रवी प्रयोगांवर.

तासाभराने परीक्षक टेबलांवरून फिरायला लागले. काळेचा एच ०.३८१. "छान." गावंडेचा ०.३७९. "उत्तम." मग सुमनची वही उचलली आणि चष्मा कपाळावर नेला.

"शून्य पूर्णांक पन्नास?"

"हो सर."

"भिंतीवर काय लिहिलंय ते वाचता येतं ना?"

"येतं सर. पण सुई अडतीस अंशच दाखवते. प्रवाह उलटवून घेतलं, सुईची दोन्ही टोकं वाचली, सहा वेळा घेतलं." मग तिचा धीर सुटला आणि कॉलेजची भाषा गळून पडली. "मले पन्नासच येऊन राहिलं सर, मी खोटं काहून लिहू?"

एक अँपिअरला सुई शेहेचाळीस अंशांवर यायला हवी होती. अडतीस अंश म्हणजे मोठाच घोटाळा; सुई जितकी कमी वळेल तितका एच मोठा निघतो. परीक्षकांनी पेन काढलं. मी कोपऱ्यात उभा, तोंड बंद. परीक्षा चालू असताना निर्देशक एक शब्द जरी बोलला तरी तो गुन्हा. मला तिच्या वडिलांची घंटा दिसत होती, जून दिसत होता, आणि पेनाचं टोपण निघालेलं दिसत होतं.

"सर," सुमन म्हणाली, "मला हे उपकरण दुसऱ्या टेबलावर नेऊन पाहता येईल का?"

परीक्षक थबकले. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नसावं. "न्या," ते म्हणाले.

तिने गॅल्व्हनोमीटर दोन्ही हातांनी उचलला, खोलीच्या मधल्या टेबलावर ठेवला, कडं उत्तर-दक्षिण लावलं, प्रवाह सोडला. सुई थरथरली, डोलली, आणि शेहेचाळीसवर जाऊन बसली. पुन्हा भिंतीजवळ आणला, पुन्हा अडतीस. काळे आणि गावंडे यांचे चेहरे यावेळी मी पाहिले नाहीत, याची मला आजही हळहळ वाटते.

सुमनने वाकून टेबलाखाली पाहिलं. मग सरळ झाली आणि माझ्याकडे वळली.

"सर, ही तार कोणाची?"

त्या क्षणी भिंतीपलीकडची घरघर माझ्या कानांवर आली. खरं म्हणजे ती सकाळपासूनच येत होती. आमच्या पूर्वेच्या खोलीत बॅटऱ्या चार्ज करायची मोटर-जनरेटरची जोडी होती आणि पश्चिमेच्या खोलीत बॅटऱ्या. मी स्वतः वायरिंग केलं होतं. जाणारी तार उत्तरेकडच्या टेबलांच्या खालून, कारण तिथे लाकडी पट्टी आयती ठोकलेली होती. येणारी तार दक्षिणेच्या भिंतीवरून, कारण तिथे जुनी तार पडून होती, आणि नवीन मागवायची तर तीन सह्यांचा अर्ज. दोघींची फारकत मी केली होती, वीस फुटांची! एरवी चार्जिंग प्रयोग संपल्यावर व्हायचं. त्या दिवशी मात्र दुपारच्या बॅचला बॅटऱ्या कमी पडतील म्हणून आमच्या प्रयोगशाळा सेवकाला, नामदेवला, मीच सकाळी सांगितलं होतं, लाव चार्जिंगला.

"माझी," मी म्हणालो.

परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. चेहऱ्यावर राग की गंमत, कळेना. "मिस तायडे, तार आहे हे कळलं. पण तार आहे म्हणून वाटेल तो आकडा खपवून घेता येणार नाही. या तारेने किती फरक पडतो, ते काढून दाखवा. नाही जमलं तर नापास."

सुमनने दोन गोष्टी मागितल्या. तारेतून किती अँपिअर वाहतात ते, आणि एक लाकडी पट्टी. मी शेजारच्या खोलीकडे ओरडलो, "नामदेव, किती आहे मीटरवर?"

"बारा हाय, साहेब! बंद करू काय?"

"हात लावू नकोस!" मी आणि परीक्षक एकदम ओरडलो.

सुमनने टेबलाखालच्या तारेपासून सुईपर्यंतचं अंतर मोजलं. वीस सेंटिमीटर. गुलाबरावांच्या खाटेचं गणित ती माझ्यासमोर करत होती, आणि मी मनातल्या मनात तिच्यापुढे एक पायरी पळत होतो. बाराला वीसने भागून शून्य पूर्णांक सहा, त्याचा पाचवा हिस्सा शून्य पूर्णांक बारा. तार पूर्व-पश्चिम गेलेली, म्हणून तिचा जोर बरोबर उत्तरेकडे, पृथ्वीच्याच बाजूने. म्हणून तर सुई आधी जरासुद्धा वाकडी दिसली नाही, नुसती हट्टी झाली. पृथ्वीचे अडतीस अधिक तारेचे बारा.

"पन्नास," सुमन म्हणाली. एवढंच.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या नाहीत, पण हात एकमेकांवर आले होते हे नक्की. परीक्षक मात्र एवढ्यावर ऐकणारे नव्हते. त्यांनी नामदेवला प्रवाह सहावर आणायला सांगितला आणि सुमनला म्हणाले, "आता सुई किती दाखवील ते आधी लिहा. मग बघू."

तिने खालमानेने लॉगटेबल उघडलं. अर्धा प्रवाह, अर्धा जोर, शून्य पूर्णांक शून्य सहा. पृथ्वीचा धरून एकूण शून्य पूर्णांक चव्वेचाळीस. कागदावर लिहिलं, 'बेचाळीस अंश, किंचित कमी'. परीक्षकांनी स्वतः वाकून सुई वाचली. दुसरं टोकही वाचलं. मग उठून म्हणाले, "किंचित कमी." आणि हसले. हा माणूस हसू शकतो हे नागपुरात कुणाला माहीत होतं की नाही, देव जाणे.

ती पास झाली, हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर तुमचं पुढे लक्ष लागणार नाही. जूनमध्ये ती त्याच शाळेत रुजू झाली, आणि पहिल्या दिवशी तिच्या तासाची घंटा वडिलांनी अर्धा मिनिट जास्त वाजवली, असं तिने मला पत्रात कळवलं.

पण प्रयोगशाळेतलं प्रकरण अजून संपलं नव्हतं. हसू आटपल्यावर परीक्षकांची मान हळूहळू त्या ओळीतल्या दुसऱ्या दोन टेबलांकडे वळली. तीच तार, तेच बारा अँपिअर, तेच वीस सेंटिमीटर. आणि उत्तरं? ०.३८१ आणि ०.३७९.

"तुमच्या टेबलांखालून तार जात नाही वाटतं?" त्यांनी गोड आवाजात विचारलं.

गावंडेने खरोखरच वाकून पाहिलं. काळे भिंतीकडे बघत होता, जणू भिंतच काही बोलेल.

मला वाटलं, आता दोघांचं वर्ष गेलं. परीक्षक माझ्याकडे वळले. "हा आकडा भिंतीवर कुणी लिहिला?" पुन्हा तेच उत्तर द्यावं लागलं. "मी." "तुम्ही अकोल्यात तो कधी मोजलात का?" मी खोटं बोलू शकलो असतो. पण त्या मुलीसमोर जीभ वळेना. "नाही. कुठेच नाही," मी म्हणालो. "नुसता सांगत आलो."

मग त्यांनी जो न्याय केला तसा मी पुन्हा पाहिला नाही. नामदेवने प्रवाह मनाला येईल तेवढा ठेवायचा, मीटरवर टॉवेल टाकायचा, कुणाला सांगायचं नाही. काळे आणि गावंडे यांनी प्रयोग पुन्हा करायचा. भिंतीवरचा आकडा निरुपयोगी, उत्तर खोलीत कुणालाच ठाऊक नाही. बिचारे घामाघूम झाले. पोरं मूर्ख नव्हती हो, नुसती सवय नव्हती. काळेला आलं ०.४७, गावंडेला ०.४६. नामदेवने टॉवेल काढला, साडेआठ अँपिअर. हिशेब जमला. स्वतः काढलेल्या उत्तरावर गावंडे एवढा खूश झाला की त्याने काळेला मिठी मारली, परीक्षा चालू असताना! दोघांनाही पासापुरते गुण मिळाले.

"आता तुम्ही," परीक्षक मला म्हणाले.

चार्जिंग बंद झालं. घरघर थांबली. सगळी बॅच आपापले लोलक सोडून गोळा झाली. अकरा वर्षं ज्या उपकरणावर मी मुलांना हात धरून शिकवलं, त्याच्यासमोर मी परीक्षार्थी म्हणून उभा राहिलो. कडं लावलं, प्रवाह सोडला, वाकलो. सुई एका जागी थांबेना. मी जवळ गेलो की सरके, मागे झालो की परते. पुन्हा वाकलो, पुन्हा तेच. अकरा वर्षांचा निर्देशक आणि सुई वाचता येईना! मागे कुणीतरी खुसखुसलं.

"सर," सुमन हळूच म्हणाली, "किल्ल्या."

मी कोटाच्या खिशात हात घातला. प्रयोगशाळेच्या सतरा कपाटांच्या लोखंडी किल्ल्यांचा जुडगा. सकाळी सगळ्यांच्या किल्ल्या काढून घेता घेता माझ्या राहूनच गेल्या होत्या. त्या दिवशीच राहिल्या की रोजच राहत होत्या, हे सांगायला आता कुणी साक्षीदार नाही. मी दारापर्यंत चालत गेलो आणि जुडगा परातीत टाकला. परात मंदिरातल्या घंटेसारखी घणघणली, आणि सगळी बॅच, नामदेव, परीक्षक, मी, आम्ही सगळे पोट धरून हसलो. हसता हसता माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ते सगळं हसण्याचं नव्हतं. गेल्या अकरा वर्षांत किती मुलांना खरं उत्तर आलं असेल, आणि त्यांनी भिंतीकडे बघून ते खोडरबराने पुसलं असेल, असं मनात आलं होतं.

मग मी परत येऊन सहा रीडिंग घेतली, दोन्ही टोकं वाचली, प्रवाह उलटवून पाहिला. गणित केलं. उत्तर आलं सदतीस. अडतीस नाही, शून्य पूर्णांक सदतीस. वहीत तीनपर्यंत लिहिलं आणि हात थांबला, कारण तो आपोआप आठाचं वळण घेत होता. सुमन शेजारी उभी राहून बघत होती. मी सात लिहिला, खाली सही केली, आणि नामदेवला भिंतीसाठी चुना आणायला पाठवलं.